दीड कोयता

पेपर देऊन बाहेर येईपर्यंत दीपमाला खुशीत होती. गणिताचा पेपर तिला चक्क सोपा गेला होता. आता असा पेपर सोपा गेल्यावर माणसानं गुपचूप घरी जावं की नाही? पण ही बया गेवराईच्या वसतिगृहाच्या नळावर पाणी प्यायला थांबली आणि तिथे तिला वर्षाराणीनं गाठलं.

वर्षाराणी तिच्याच वर्गातली, नववीची. चष्मेवाली. पेपर संपला की चार जणींची उत्तरं ताडून बघितल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

"ते दोनाच्या डोक्यावर एक्स, बरोबर बत्तीस, तुजं काय आलं?"

"सोळा," दीपमाला ओंजळीतलं पाणी पीत म्हणाली.

"सोळा? आगं पाच येतंय."

"पाच कसं? पाच घेतले तर धाच व्हतेत."

"दोनाचा पाचवा घात बत्तीस. पाठच हाय की ते. आन तीनाच्या डोक्यावर एक्स, बरोबर एक्क्याऐंशी?"

"सत्तावीस."

"चार," वर्षाराणी म्हणाली. मग तिला जरा वाईट वाटलं असावं. "जाऊ दे, मराठीचा निबंध लिवलास ना समदा?"

डोक्यावर बारीक अक्षर असलेलं गणित पेपरात एकच नव्हतं, अर्धा पेपर त्यांचाच होता. आणि तिनं सगळी एकाच पद्धतीनं, न अडखळता, मोठ्या ऐटीत सोडवली होती. चुकलं असेल तर एकूण एक चुकलं होतं. नळ तसाच वाहत राहिला आणि मागच्या पोरी तिच्यावर खेकसल्या तेव्हा कुठे ती बाजूला झाली.

ही परीक्षा साधी नव्हती. दीपमालाचं गाव उमापूरच्या बाजूला. दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊसतोडीला जातात. मागे राहणाऱ्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृह होतं, पण ते आठवीपर्यंतच. नववीची पोर कुठे राहणार, याचं उत्तर गावात कुणाकडेच नव्हतं. यंदा गेवराईत एका संस्थेनं नववी-दहावीच्या मुलींची सोय केली. जागा थोड्या, पोरी फार, म्हणून परीक्षा. नंबर लागला तर शाळा. नाही लागला तर काय, ते दीपमालाला चांगलं ठाऊक होतं. ते ठरत होतं तेव्हा ती दाराआड उभी होती.

त्याचं असं की, ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. एकटं माणूस असलं तर अर्धा. दीपमाला सातवीत आईबापाबरोबर गेली, आधी कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटात, धाकट्या भावाला सांभाळलं, मग उसाच्या फडात मोळ्या उचलायला लागली, आणि तेव्हापासून टोळीचा मुकादम बजरंग त्यांच्या घराला दीड कोयता म्हणू लागला. पोरीला नावानं हाक मारायचंही त्यानं सोडलं. "ए अर्ध्या, पानी आन," म्हणायचा, आणि आपल्याच विनोदावर हसायचा.

या बजरंगाचा भाचा सूरज. सिरसाळ्याचा, विशीतला, दणकट. तोही टोळीत एकटाच, म्हणजे अर्धाच. दोन अर्धे मिळून एक होतो एवढं गणित बजरंगाला येत होतं. भर दुपारी ओट्यावर बसून, चहाची कपबशी हातात घेऊन त्यानं ते दीपमालाच्या बापाला समजावलं होतं.

"बबनराव, उगं लांबन कशाला लावायचं? निगायच्या आदी हळद लावून टाकू. तुमच्या मागची काळजी मिटंल, आमचा बी कोयता पुरा व्हईल."

"पंधराचीच हाय ती आजून," बबनराव म्हणाले.

"मग? कोन बघतंय?"

बबनराव वाईट माणूस नव्हते. पोरीवर त्यांचा जीव होता, आणि तिथेच सगळी गोम होती. जीव होता म्हणून ते भीत होते. फडावर कोपीला दार नसतं, नुसतं पडदा म्हणून लुगडं लावलेलं असतं. गावात मागे ठेवावी तर घरात दुसरं माणूस नाही. त्या दिवशी त्यांनी बजरंगाला होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "त्या हास्टेलात नंबर लागला तर बघू. न्हाई लागला तर तुमी म्हनता तसं," एवढंच बोलले. दाराआड दीपमालानं शब्द न् शब्द ऐकला होता.

आणि आता हे सोळा.

चूक कुठे झाली ते तिला कळतच नव्हतं, म्हणून भीती जास्त. सातवीत शाळेत घातांक शिकवले तेव्हा ती कोपीवर भावाला झोळीत हलवत होती. चैतात परत आल्यावर कुणाला तरी विचारलं की हा अंकाच्या डोक्यावरचा बारीक अंक कसला. ती पोरगी घाईत होती. "खालचा आकडा तितक्या वेळा घ्यायचा," म्हणाली आणि पळाली. दीपमालाला ते पटकन पटलं. खाली दोन, वर पाच. म्हणजे दोन माणसं पाच वेळा. म्हणजे पाच कोयते, दहा माणसं! एवढंच तर होतं. मग बत्तीस माणसं असतील तर कोयते किती? सोळा. टोळीत वाढलेल्या पोरीला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढे आठवीत घातांक परत आले, गुरुजींनी भरभर नियम लिहून दिले, तिनं भरभर पाठ केले, आणि मनात कोयते तसेच राहिले.

निकाल लागला. निवडलेल्या मुलींत वर्षाराणी होती, दीपमाला नव्हती. पण खाली आणखी काही नावं होती, त्यांना तोंडी परीक्षेला बोलावलं होतं, आणि त्यांत शेवटचं नाव तिचं होतं. नापास केलं असतं तर रडून मोकळी झाली असती. आता जीव टांगणीला लागला. जेवण जाईना. पुस्तक उघडलं की अक्षरं डोळ्यांपुढे नुसती हलायची. दोनाचा पाचवा घात बत्तीस, दोनाचा पाचवा घात बत्तीस, असं ती भांडी घासताना पुटपुटायची, पण का, ते काही केल्या उमगत नव्हतं. तोंडी परीक्षेत कुणी "का" विचारलं की आपण संपलो, हे तिला पक्कं माहीत होतं.

तोंडी परीक्षेला जायच्या दिवशी सकाळी आईनं तिला हाक मारली. आईचं नाव कडूबाई. चार पोरींच्या पाठीवर पाचवी मुलगीच झाली म्हणून आजोबांनी ठेवलेलं. नावाचा राग कडूबाईनं कधी काढला नाही. तशी ती कुणावरच कशाचाच राग काढत नसे. मुकादमापुढे तर ती पदर पुढे ओढून नुसती उभी राहायची.

"दीपे, ताडपत्रीची घडी घालू लाग. एकटीला आवरत न्हाई."

कोपीवर टाकायची ताडपत्री अंगणात पसरली होती. मायलेकींनी दोन-दोन टोकं धरली, एकमेकींजवळ आल्या, दुमडली. परत टोकं धरली, परत दुमडली. दोन घड्यांपर्यंत ताडपत्री गुमान ऐकते. तिसरीला जाड होते, चौथीला हट्टाला पेटते, आणि पाचवीला तर आईनं तिच्यावर गुडघाच टेकला.

"बांध दोरी लवकर, सुटंल," आई म्हणाली. मग गुडघा न काढताच, मान खाली घालून म्हणाली, "तुला भ्या वाटायलंय का?"

"लई," दीपमाला म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आईनं काही समजूत घातली नाही. नारायणगडाच्या दिशेनं हात जोडले आणि पोरीची वेणी घालायला बसली. वेणी इतकी घट्ट घातली की दीपमालाच्या भुवया वर ओढल्या गेल्या.

गेवराईच्या वसतिगृहात तोंडी परीक्षा व्हरांड्यालगतच्या खोलीत होती. आईला दाराबाहेर बसवलं. आधीच्या पोरी एकेक आत जात होत्या आणि बाहेर येताना कुणाकडे बघत नव्हत्या. शेवटी दीपमालाचं नाव आलं. आईनं पाठीला हात लावून तिला उंबऱ्याच्या आत ढकललं म्हणा ना.

आत दोन माणसं. एक सत्यशीला मॅडम, गणित शिकवणाऱ्या, बारीक चणीच्या, बोटांना खडू लागलेला. दुसरे संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव. पांढरे कपडे इतके कडक की ते वळले तर मोडतील असं वाटावं. त्यांच्यापुढे दीपमालाचा पेपर होता आणि त्यावर लाल रेघांचं रान माजलं होतं.

"मॅडम, हिला कावून बोलावलं?" विठ्ठलराव पोरीसमोरच म्हणाले. "घातांकाचं समदं चुकलंय की हिचं."

"सगळं चुकलंय, पण सगळं एकाच रस्त्यानं चुकलंय," मॅडम म्हणाल्या. "अंदाजानं ठोकणारी पोरं अशी चुकत नाहीत. मला तो रस्ता बघायचाय. बाळ, हे सोळा कुठून आलं?"

झालं. विचारलं. "दोनाचा पाचवा घात बत्तीस" असं पाठ केलेलं म्हणून टाकावं असं दीपमालाला वाटलं, पण मॅडमनी ते विचारलंच नव्हतं. त्यांनी सोळाच विचारलं होतं. तिनं खाली बघत, एका दमात सांगून टाकलं. दोन माणसांचा एक कोयता. बत्तीस माणसं. सोळा कोयते.

विठ्ठलराव मोठ्यानं हसले. "घ्या! टोळीच भरून आनली हिनं!"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू तिच्या हातात दिला आणि फळ्याकडे बोट केलं. "दोन एकदा घेतला. किती?"

"दोन."

"दोनदा?"

"चार."

"तीनदा?"

"सहा."

"आठ," मॅडम म्हणाल्या.

आठ? दोन, चार आणि एकदम आठ? मधले सहा कुठे गेले? बाहेर आई खोकली. सूरजचा हळद लावलेला चेहरा, बजरंगाची कपबशी, कोपीचा हलणारा पडदा, सगळं एकदम तिच्या डोळ्यांसमोर आलं. आता रडू फुटणार आणि सगळं इथंच आटोपणार असं तिला वाटलं.

"घाबरू नकोस," मॅडम म्हणाल्या. "तू जोड्या शेजारी-शेजारी मांडतेस. तसं नाही करायचं. प्रत्येक वेळी जेवढं झालंय, त्या सगळ्याचीच दुप्पट. चाराची दुप्पट."

जेवढं झालंय त्या सगळ्याची. दीपमालाचे हात आपोआप पुढे आले, अंगठे आत, जणू कशाची तरी टोकं धरल्यासारखे. पहिल्यांदा दुमडलं की दोन पदर. परत दुमडलं की चार. तिसऱ्यांदा दुमडताना काय फक्त वरचाच पदर दुमडतो? चारीच्या चारी दुमडतात! म्हणून तर ती जाड होते. म्हणून तर चौथीला ऐकत नाही.

"घडी हाय का ही?" तिनं विचारलं. आवाज चिरकला.

"कसली घडी?"

"ताडपत्रीची. दोन, चार, आठ..." ती हवेत दुमडत गेली. "चौथीला सोळा. पाचवीला बत्तीस. पाच घड्या! बत्तीस पदर व्हायाला पाच घड्या!"

मॅडमनी विठ्ठलरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्हणजे बत्तीस हे दोनाच्याच रूपात लिहायचं. खाली दोन, वर पाच. दोन्हीकडे खाली सारखंच, मग वरचे आकडे सारखे असलेच पाहिजेत. आता हे बघ." त्यांनी लिहिलं: दोन, त्याच्या डोक्यावर एक्स अधिक एक, बरोबर सोळा.

खडू दोनदा मोडला, पण दीपमालानं सोळाच्या जागी दोनाचा चौथा घात लिहिला. एक्स अधिक एक बरोबर चार. "एक घडी आदीच घातलेली हाय," ती पुटपुटली. "राहिल्या तीन. एक्स तीन."

"हे आत्ता सांगितलं म्हनून आलं," विठ्ठलराव म्हणाले. खुर्ची करकरली. "नंबर एकच शिल्लक हाय, मॅडम, आन बाहेर आजून आयबाप बसलेत. न सांगितलेलं एखादं विचारा. आलं तर घ्या, न्हाई आलं तर सोडा."

मॅडम क्षणभर थांबल्या. मग फळा पुसला आणि लिहिलं: दोन, डोक्यावर एक्स, बरोबर एक.

दीपमालाची पाचावर धारण बसली. एक? दुमडल्यावर निदान दोन तरी होतात. दोनाच्या खाली जायचं कसं? घड्या हाताखालून निसटल्या आणि जुनी वाट आपसूक पायाखाली आली. दोन माणसांचा एक कोयता. माणूस एक. मग कोयता किती? याचं उत्तर तर तिला झोपेतही आलं असतं. ते उत्तर म्हणजे ती स्वतःच होती. ए अर्ध्या, पानी आन. अर्धा तिच्या जिभेवर आला, ओठ उघडलेसुद्धा.

आणि तिला दार दिसलं. आई उभी राहिली होती. दोन्ही हातांनी चौकट धरलेली, पदर डोक्यावरून खाली घसरलेला, तोंड पांढरंफटक. तिला गणितातलं काही कळत नव्हतं. तिला फक्त लेकीचं तोंड दिसत होतं. सकाळी ताडपत्रीवर गुडघा टेकलेली तीच ही बाई.

सकाळी. घडी घालायच्या आधी. अंगणभर पसरलेली ताडपत्री.

"शून्य," दीपमाला म्हणाली.

"का?" मॅडमनी विचारलं.

"घडीच न्हाई घातली. तवा एकच पदर असतो." ती थांबली. मग रडत-रडतच म्हणाली, "आन ती आख्खी असती, मॅडम. अर्दी न्हाई."

विठ्ठलरावांनी घसा खाकरला, पेन काढलं, टोपण लावलं, परत काढलं. मॅडमनी तिचं नाव लिहिलं आणि कागद सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला.

आता इथे गोष्ट संपली असं वाटेल. दीपमालालाही बसस्टँडपर्यंत तसंच वाटत होतं. पण गाडी उमापूरच्या रस्त्याला लागली तशी भीती परत चढायला लागली. नंबर लागला तर "बघू" एवढंच तिचे आबा म्हणाले होते. बघू म्हणजे काही हो नव्हे.

घरी पोचल्या तर ओट्यावर बजरंग बसलेलाच. पुढे बबनराव. निघायचं ठरवायला आला होता, ट्रॅक्टर सांगायचा होता, घराघरातले कोयते मोजत फिरत होता.

"या वहिनी. तुमचं दीड धरलंय. त्या अर्ध्याचं येत्या मंगळवारी उरकून टाकू, सूरजच्या घरचे तयार हायेत."

कडूबाई पायरीवरच थांबली. पदर सारखा करायला तिचा हात वर गेला आणि तसाच अर्ध्यात राहिला.

"दीड न्हाई," ती म्हणाली. "एक."

आवाज इतका बारीक होता की बजरंगाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हनल्या?"

"एक कोयता. मी आन हे. पोरीचा नंबर लागलाय." कडूबाईचे पाय लटपटत होते. दीपमालाला ते लुगड्याच्या निऱ्यांवरून दिसत होतं. आई कुणाला भीत नाही म्हणून गप्प राहते, असं तिला आजवर वाटायचं. तिची आई सगळा जन्म भीतच आली होती, हे तिला त्या पायरीवर कळलं.

बजरंगानं तिच्याकडे बघायचंच बंद केलं. तो बबनरावांकडे वळला. "बायामानसाचं काय घिऊन बसलाव? तुमी बोला, बबनराव. दीड का एक?"

बबनराव जमिनीकडे बघत राहिले. कोपऱ्यात दोरीनं आवळलेली ताडपत्री पडली होती. फळ्यापुढे दीपमाला इतकी घाबरली नव्हती. तिथे काही आठवलं असतं, काही सुचलं असतं. इथे तिच्या हातात काहीच नव्हतं. तिनं आईचा हात धरला. तो तिच्यापेक्षा गार होता.

"गेवराईला रातचं दार लावत्यात का गं?" बबनरावांनी एकदम विचारलं. मान वर केली नव्हती.

"लोखंडाचं हाय, आबा," दीपमाला म्हणाली. "आतून कडी. बाहेर वॉचमन."

बबनरावांनी मान हलवली. मग बजरंगापुढची रिकामी कपबशी उचलून त्यांनी बाजूला ठेवली.

"एक धरा, मुकादम," ते म्हणाले. "ती म्हनती तेच. एक."